जुडीवरचं कार्ड

गुरुवारी दुपारी पावणेतीन वाजता पोलीस कॉलेजच्या ग्रंथालयात आले. त्यांनी टेबलावरची जुडी उचलली, युसूफ गनी पिंजारी यांना उभं राहायला सांगितलं आणि जीपमध्ये बसवून नेलं. मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. मी तिथेच होते.

जुडी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण त्या दिवशी ते कोणी विचारलं नाही. अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या वापरतात. खडूचा तुकडा मोडावा एवढी एक गोळी. त्या गोळ्या नळ्यांमध्ये भरतात, नळ्यांची तोंडं बंद करतात आणि अशा एकोणीस नळ्या गोल रचून एकमेकींना जोडतात. कारखान्यात त्याला बंडल म्हणतात. युसूफचाचा जुडी म्हणत, आपण मेथीची म्हणतो तशी. आमच्या टेबलावरची जुडी खरी नव्हती. ॲल्युमिनियमची, आतून पोकळ, हातभर लांब. चाचा निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं दिलेली भेट. तिच्या लाकडी बैठकीवर पितळी पाटी होती आणि पाटीवर त्यांचं नाव. निरोप समारंभात गुरुजींना घड्याळ देतात, तसलीच ती वस्तू.

हवालदारानं ती एका हातात धरली होती. दुसऱ्या हातात त्याचा मोबाईल होता. खरी जुडी एका हातानं अशी सहज उचलता येत नाही, हे चाचांनी त्याच आठवड्यात मुलांना सांगितलं होतं. पण हवालदार काही त्या व्याख्यानाला नव्हता.

रागात लिहू नये, असं मला शिकवलेलं आहे. म्हणून चाचा वारल्यावर मी तीन महिने थांबले. राग काही कमी झाला नाही. आता आहे तसा लिहिते.

युसूफचाचा विसरवाडीचे. त्यांच्या वडिलांचं फाट्यावर गाद्या-रजयांचं दुकान. कापूस पिंजणारं घराणं, आडनावही तेच. चाचा आयटीआय करून दक्षिणेतल्या एका कारखान्यात लागले. अणुभट्ट्यांचं इंधन तिथे तयार होतं. पहिली बरीच वर्षं ते नळ्यांची तोंडं वितळवून बंद करायचं काम करत. शेवटची वर्षं माल ठेवतात त्या विभागात होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्या आठवड्यात सामान घेऊन विसरवाडीला परत आले. पुतण्या दुकान चालवायचा, चाचा बाहेर खुर्ची टाकून बसायचे. समोर सुरतेकडे जाणारे ट्रक थांबत. ड्रायव्हर चहाला उतरला की चाचांचा प्रश्न ठरलेला, “कोठून उना भो? काय भरेल शे?” ड्रायव्हरला वाटे हा कोणी खबऱ्या आहे. मग रजईच्या दुकानाकडे बघून तो हसून सांगे.

माझी त्यांची ओळख वर्तमानपत्रांमुळे झाली. आमचं ग्रंथालय बाहेरच्या लोकांना दुपारी खुलं असतं. चाचा आठवड्यातून दोनदा बस धरून यायचे आणि मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे चार पेपर पुढ्यात घेऊन बसायचे. इंग्रजी वाचताना ओळीखाली बोट फिरायचं. कुठल्या देशाशी युरेनियमचा करार झाला, कुठल्या देशानं देण्याचं नाकारलं, कुठे खाण बंद पडली, एवढंच ते शोधत. सापडलं की वहीत उतरवून घेत. मी एकदा म्हटलं, “चाचा, एकच पेपर वाचत जा ना. बातमी तर तीच असते.”

“बातमी तीच ऱ्हास मॅडम,” ते म्हणाले. “खोटं येगळं येगळं ऱ्हास.”

माझी घरची भाषा मावची. मराठी मी शाळेत शिकले, अहिराणी बाजारात. चाचांची अहिराणी ऐकताना मला बाजारात आल्यासारखं वाटे, आणि ग्रंथालयात तसं कधी वाटत नाही. म्हणून मी त्यांच्या दिवशी खिडकीजवळचं टेबल मोकळं ठेवू लागले.

ईदला त्यांच्या घरी गेले तेव्हा स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं जाड कागदाचं कार्ड होतं. तूरडाळ, कोणत्या दुकानातली, कोणत्या वारी आणली, कोणी पाहून घेतली. शेवटच्या रकान्यात सगळीकडे ‘हमीदा’. हमीदाचाची म्हणजे त्यांच्या पत्नी. मी कार्ड वाचते आहे हे पाहून त्या शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, “हाऊ माणूस कफनले बी चिठ्ठी लावी.”

“लावसू,” चाचा आतून म्हणाले. “कापड कोठलं ते समजाले नको का?”

लाल मिरची ते नंदुरबारच्या बाजारातल्या तीन व्यापाऱ्यांकडून थोडी थोडी घ्यायचे आणि तीन डब्यांत वेगळी ठेवायचे. मिसळायची नाही. मिसळली की एखादी खराब निघाली तर कोणाची ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दळणाचंही तसंच. एक दळण विसरवाडीच्या चक्कीवर, पुढचं चिंचपाड्याच्या. विसरवाडीच्या चक्कीवाल्याला हे लागलं. त्यानं भर रस्त्यात विचारलं, “चाचा, मन्हा पीठमा काय खोट शे?”

“खोट नही रे भो. तुन्ही मोटर जळी तं मी काय खासू?”

मग एका पावसाळ्यात वाऱ्यानं खांब पडले आणि चार दिवस दोन्हीकडे वीज नव्हती. दोन्ही चक्क्या बंद. चक्कीवाला मुद्दाम दुकानावर आला आणि कमरेवर हात ठेवून चाचांसमोर उभा राहिला. चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. “दोन चक्क्या, तार एकच,” ते म्हणाले. “हाई मन्हा ध्यानमा उनं नही.” त्या दिवसापासून घरात आठ दिवसांचं पीठ जास्तीचं राहू लागलं. पुढे हीच गोष्ट त्यांनी व्याख्यानात सांगितली. चार देशांकडून माल घेतला म्हणजे झालं असं नाही, चारी देशांचं जहाज एकाच अरुंद समुद्रातून येत असेल तर आपण अजून एकाच तारेवर आहोत. म्हणून देश वेगळे हवेत, वाटा वेगळ्या हव्यात, आणि तरीही घरात साठा हवा.

या सगळ्याचं मूळ कारखान्यातल्या काही महिन्यांत होतं. त्या काळी देशाला बाहेरून युरेनियम मिळत नव्हतं आणि आपल्या खाणींतून येणारं पुरत नव्हतं. भट्ट्या कमी ताकदीनं चालवत होते. चाचांच्या विभागात नळ्या तयार होत्या, यंत्रं तयार होती, माणसं तयार होती, पण गोळ्यांचे ट्रे येत नव्हते. साहेबांनी त्यांना जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवायला सांगितलं. ते झाले. मग काचा पुसायला सांगितलं. त्याच काचा रोज पुसायच्या. “हात चालू, काम बंद,” चाचा सांगत. “कॅन्टीनमा कोन्ही बोलेना. बठास्ले वाटे, आपलीच काही चूक शे.” ही गोष्ट सांगताना ते नेहमी तळहात पालथे करून टेबलावर ठेवत आणि त्यांच्याकडे बघत.

पुढे करार झाले आणि परदेशातून पिंपं येऊ लागली. एक देश नाही, अनेक. परदेशी मालाबरोबर अट येते. तो ठरलेल्या भट्ट्यांतच जाळायचा, दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, आणि बाहेरचे तपासनीस येऊन ते मोजून बघणार. म्हणून हा माल वेगळ्या जागी, आपला वेगळ्या जागी, आणि प्रत्येक ट्रेवर कार्ड. माल कुठून आला, कधी आला, कोणी तपासला. कार्डाशिवाय ट्रे जागचा हलवायचा नाही. एका पाळीला एका ट्रेवर कार्ड नव्हतं. चाचांनी तो अडवला. पुढची सगळी रांग थांबली. साहेब आले, ओरडले. चाचा ट्रेसमोर उभे राहिले. अर्ध्या पाळीनंतर कार्ड सापडलं, दुसऱ्या ट्रेच्या बुडाला चिकटलेलं. साहेब म्हणाले, “पिंजारी, तुझ्यामुळे अर्धी पाळी गेली.” चाचा म्हणाले, “साहेब, पाळी उद्या परत येईल. माल मिसळला तर तो वेगळा करता येत नाही.” पुढे त्याच साहेबांनी त्यांना मालाच्या विभागात मागून घेतलं.

मी एकदा विचारलं, एका ट्रेनं एवढं काय बिघडलं असतं? ते माझ्याकडे, मुलांनी पुस्तकात पान दुमडल्यावर मी बघते तसं बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, ते देश आमले माल कसाले देतस? पैसा तं बठाच देतस. ते देतस कारण खाले कोन्ही तरी माणूस कार्डवर खरं लिखस. एक कार्ड खोटं निंघनं तं एक दार बंद. मंग पुसत बसा काचा.”

वर्तमानपत्रांत फोटो मंत्र्यांचे येतात, हस्तांदोलनाचे. चाचांच्या हिशोबानं ते दार ट्रेपाशी उभा असलेला माणूस उघडं ठेवतो. मला हे पटलं होतं. बारावीच्या मुलांना हे त्यांच्या तोंडून ऐकवावं असं मनात आलं. मी प्राचार्यांना लेखी विचारलं. त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘परवानगी. ग्रंथालयात घ्यावे,’ आणि सही केली. त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे.

व्याख्यान सोमवारी झालं. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि जुडी पिशवीतून, टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. तिच्या गळ्यात दोऱ्यानं कार्ड बांधलेलं: ‘नमुना. ॲल्युमिनियम. आत काही नाही. निवृत्तीची भेट.’ खाली त्यांची सही. मुलं आधी दबकून मागे बसली. चाचांनी जुडी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिली. “धर. मेथी म्हणून धर.” मुलं हसली आणि पुढे सरकली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या पाड्यावर रोज लाईट जाते. इतक्या देशांचं युरेनियम येतं ते जातं कुठे?”

“तुन्हा पाडापर्यंत तार कोन्ही नीट लावी का?” चाचा म्हणाले. “इंधन मी दिधं. तार तू लाव. इंजिनियर हो आनि लाव. मी म्हातारा शे, खांबवर चढता येत नही.”

एका मुलीनं विचारलं, हे धोक्याचं नाही का? चाचा मराठीत, सावकाश म्हणाले, “आहे. म्हणूनच कार्ड. धोक्याच्या वस्तूबद्दल खोटं लिहायचं नसतं, आणि धोका नसलेल्या वस्तूबद्दलही खोटं लिहायचं नसतं. दोन्हीनं माणसं मरतात.” मुलगी वहीत लिहून घेत होती.

शेवटी फोटो. मुलं भोवती, मधे चाचा, हातात जुडी. मी मोबाईल धरला आणि पाहिलं की कार्ड नेमकं पितळी पाटीवर आलं आहे, चाचांचं नाव दिसत नाही. माझ्या मनात आलं, एवढं आयुष्य गेलं या कामात, निदान नाव तरी दिसू दे. मी पुढे झाले, कार्ड उचललं आणि मागच्या बाजूला वळवलं. मग फोटो काढला. छान आला. नाव स्वच्छ वाचता येत होतं. मी तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘युरेनियम इंधनाची माहिती घेताना विद्यार्थी.’

मुलांना तीन दिवस बघता यावी म्हणून चाचांनी जुडी ग्रंथालयात ठेवली होती. बुधवारी तोच फोटो माझ्याच मोबाईलवर दुसरीकडून परत आला. आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं वर लिहिलं होतं, ‘कॉलेजात युरेनियम आणणारा हा कोण? नाव वाचा.’ कार्ड दिसत नव्हतं. नाव दिसत होतं. ते मी दिसेल असं केलं होतं.

चाचांकडे साधा फोन होता. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. गुरुवारी ते जुडी न्यायला आले आणि टॉवेल उलगडत होते, तेवढ्यात जीप आली. मी फौजदारांना सांगितलं, ही ॲल्युमिनियमची आहे, मागे कार्ड आहे, वाचा. त्यांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, “हे तर यांनीच लिहिलंय.” चाचा म्हणाले, “मग कोण लिहिणार? वस्तू माझी आहे.” मग त्यांनी पावती मागितली. पावतीशिवाय वस्तू हातची सोडायची नाही, ही त्यांची सवय. हवालदार हसला.

ठाण्यात काय झालं ते मला चाचांनीच सांगितलं, हसवायला म्हणून. त्यांना विचारलं, कुठला? विसरवाडीचा. त्याच्या आधी? विसरवाडीचा. त्याच्या आधी? “मी म्हनलो, साहेब, मन्हा बाप इसरवाडीना, आजा इसरवाडीना. तेन्हा आधी कापूस व्हता.” मी हसले नाही. आयुष्यभर वस्तूंना विचारलेला प्रश्न त्या दिवशी पाच तास त्यांना विचारला गेला, आणि खरं उत्तर पहिल्याच मिनिटाला देऊनही ते कोणी लिहून घेतलं नाही. रात्री आठला सोडलं. गुन्हा नोंदवला नाही. जुडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ठाण्याला पत्र दिलं: सदर कार्यक्रम ग्रंथपालांनी परस्पर घेतला. मी परवानगीची प्रत घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी ती हातातही घेतली नाही. म्हणाले, “गावित मॅडम, तुम्हाला अजून अकरा वर्षं नोकरी करायची आहे ना?” मी प्रत परत फाईलमध्ये ठेवली. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जेवले, झोपले, आणि सकाळी कामावर आले. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून माणसं आली, त्यांनी जुडीला किरणोत्सार मोजायचा मीटर लावला. काही निघालं नाही. निघणार काय? मग चाचांना बोलावलं. टेबलावर छापील कागद होता, रिकाम्या जागा पेनानं भरलेल्या: ‘किरणोत्सारी असल्याचा संशय असलेली धातूची वस्तू, मालकीबाबत समाधानकारक खुलासा न झालेली, परत मिळाली.’ खाली सही करायची आणि जुडी घेऊन जायची.

चाचांनी कागद दोनदा वाचला आणि ‘संशय असलेली’ वर बोट ठेवलं. “साहेब, मीटर लावलं ना? मग आता हे कसं?”

“जप्त केली तेव्हा संशय होता.”

“तेव्हा होता असं लिहा. आणि पुढे लिहा, तपासली, ॲल्युमिनियम निघालं. खुलासा मी दिला होता, तोही लिहा.”

“चाचा, एक सही करा आणि घरी जा. कोण वाचतंय?”

“मी वाचस ना साहेब.”

कागद बदलला नाही. चाचांनी सही केली नाही. गुन्हा नाही म्हणून कोर्ट नाही, कोर्ट नाही म्हणून वस्तू सोडायचा हुकूम नाही, आणि ठाण्याकडे दुसरा कागद नाही. चाचा दर सोमवारी बसनं येऊन विचारायचे, कागद बदलला का? बाकावर तासभर बसायचे. दारातून त्यांना कपाटावर ठेवलेली जुडी दिसायची. ठाण्यानं तिच्यावर स्वतःची चिठ्ठी चिकटवली होती, नेमकी पितळी पाटीवर. पहिले काही सोमवार शिपाई पाणी द्यायचा. पुढे तोही देईना.

चाचांचा सुरतेतला मुलगा फोनवर चिडायचा, अब्बा, सही करा, ती चार किलोचीसुद्धा नाही, कशाला जीव घालवता? हमीदाचाचीही एकदा म्हणाल्या. चाचांनी बस थांब्यावर मला एवढंच सांगितलं, “एकतीस वरीस खोटं कार्ड लिखं नही. आते घरमा बशीसन लिखू?” आवाज चढला नव्हता. पण त्यांच्या पिशवीत त्या दिवशी वही नव्हती. वर्तमानपत्रं वाचायला ते त्यानंतर आले नाहीत. खिडकीजवळचं टेबल मी मोकळंच ठेवत होते.

मग विज्ञान दिनाला आमच्याच सभागृहात बाहेरून पाहुणे आले. कोट घातलेले, सोबत पडद्यावरची चित्रं. विषय ऊर्जा सुरक्षा. त्यांनी सांगितलं, देशानं युरेनियमसाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू नये, अनेक देश हवेत, साठा हवा. पडद्यावर इंधनाच्या जुडीचं चित्र होतं, खऱ्या जुडीचं. प्राचार्यांनी पाहुण्यांना शाल दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी जिला मेथी म्हणून जुडी धरायला लावली होती, ती पहिल्या बाकावरची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “मॅडम, दोन चक्क्या एका तारेवरचं यांनी सांगितलंच नाही.” तिनं टाळी वाजवली नाही. मी वाजवली. सवयीनं हात उठले आणि वाजले.

चाचांचा जीव ठाण्यानं घेतला असं मी म्हणणार नाही. साखर जुनी होती, मूत्रपिंडं थकलेली होती. पण भर उन्हात सोमवारच्या त्या बसफेऱ्या त्यांनी केल्या, आणि त्या करायला लावणाऱ्यांपैकी एकालाही आजपर्यंत कोणी एक प्रश्न विचारलेला नाही.

शेवटचं पाहिलं ते चिंचपाड्याच्या दवाखान्यात. नर्सबाई सलाईन बदलत होत्या आणि चाचा उशीवरून मान वळवून बाटलीवरचं लेबल वाचायची धडपड करत होते. “कोठली शे बाई?” नर्सबाईंनी बाटली खाली धरून दाखवली. चाचांनी कंपनीचं नाव, तारीख, सगळं वाचलं. “आनि हाई नही मिळी तं?” “दुसऱ्या कंपनीचीही आहे, चाचा. कपाट भरलंय.” चाचांनी समाधानानं डोळे मिटले.

नर्सबाई गेल्यावर मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. कार्ड मी मागे वळवलं होतं, फोटोसाठी. हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

“माले मालूम शे,” ते म्हणाले. “जुडी मन्हा हातमाच व्हती ना. तुम्ही कार्ड मांगे करं, मी बी बोलनू नही. फोटोमा मन्हं नाव दिसी म्हनीसन मी गप ऱ्हायनू.” मग माझ्याकडे न बघता, “एकतीस वरीसमा एकच डाव चुकनू.”

त्यांनी तळहात पालथे करून चादरीवर ठेवले होते. मी निघाले तेव्हा ते त्यांच्याकडेच पाहत होते.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर ठाण्यातून हमीदाचाचींना फोन आला, वस्तू घेऊन जा. त्यांनी मला सोबत बोलावलं. कागद तोच होता, फक्त वर ‘मयताची पत्नी’ असं वाढवलं होतं. चाचींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, वाचा. मी वाचलं. म्हणाल्या, परत वाचा. मी परत वाचलं. फौजदार नवीन होते, बरे होते. त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाले, “आजी, इथे फक्त अंगठा.”

चाचींनी हात पदराखाली घेतला. “तेस्नी सही करी नही,” त्या म्हणाल्या. “मी कसाले अंगठा लावू?” मग मला विचारलं, विसरवाडीची बस किती वाजता आहे.

त्याच रात्री मी अर्ज लिहिला. कार्ड मी वळवलं होतं हे लिहिलं. फोटोखालचा मजकूर माझा होता हे लिहिलं. कागदावरचे ‘संशय’ आणि ‘खुलासा’ हे दोन उल्लेख बदलून द्यावेत अशी मागणी लिहिली. प्राचार्यांच्या सहीची परवानगीची प्रत जोडली, खाली माझं पूर्ण नाव आणि कॉलेजचं नाव घातलं, आणि पोस्टातून पावती घेऊन जिल्ह्याला पाठवला. प्राचार्यांनी मला त्याबद्दल नोटीस दिली आहे. तिचं उत्तर मी दिलेलं नाही.

अर्जाला उत्तर आलेलं नाही. कागदावर सही नाही. जुडी ठाण्यात आहे.